हॉटेले गेली, कार्डे राहिली

समुद्रकिनारी हवापालटासाठी बांधलेल्या मोठ्या हॉटेलांची जुनी चित्र-पोस्टकार्डे जमवणे ही पोस्टकार्ड-संग्रहाच्या छंदातली एक भरघोस शाखा आहे. अमेरिका, इंग्लंड आणि पश्चिम युरोपात या विषयाचे संग्राहक मोठ्या संख्येने आहेत. १८९० च्या दशकापासून १९७० पर्यंत छापलेली कार्डे प्रामुख्याने या छंदात येतात. ती छापणाऱ्यांपैकी कुणालाही इतिहास लिहायचा नव्हता. हॉटेलमालकाला जाहिरात हवी होती, छापखान्याला धंदा हवा होता आणि पाहुण्याला चार ओळींत घरी खुशाली कळवायची होती. पुढे त्यांतली कितीतरी हॉटेले जळाली, पाडली गेली किंवा ओळखू येऊ नयेत इतकी बदलली. त्यामुळे जाहिरातीचा हा कागदच आज त्या इमारतींचा सर्वांत सहज मिळणारा दृश्य पुरावा ठरला आहे.

हॉटेल आणि पोस्टकार्ड यांची जोडी जमली ती रेल्वेमुळे. रेल्वे किनाऱ्याला पोचली की गावाचे रूप पालटत असे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील अटलांटिक सिटी १८५४ मध्ये रेल्वेबरोबरच जन्मली, तर इंग्लंडात ब्रायटन आणि स्कारबरो ही गावे रेल्वेमुळे शहरी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पाहुणे आठवडाभर, कधी महिनाभर राहत. खोलीतल्या लिहिण्याच्या टेबलावर हॉटेलच्या नावाचे कागद, पाकिटे आणि इमारतीचे चित्र असलेली कार्डे ठेवलेली असत. तिकिटाचा पैसा पाहुणा भरी आणि हॉटेलची जाहिरात त्याच्या सगळ्या नातलगांच्या घरी पोचे. इतकी स्वस्त आणि इतकी विश्वासाची जाहिरात हॉटेलवाल्यांना दुसरी मिळणे अवघड होते, कारण ती ओळखीच्या माणसाच्या हस्ताक्षरात येत असे.

पोस्टकार्डाचा इतिहास टपालखात्याच्या नियमांनी घडवला आहे आणि संग्राहकाला कार्डाचे वय काढायचे तर याच नियमांचा आधार घ्यावा लागतो. पहिले अधिकृत पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी काढले. ब्रिटनने १८७० मध्ये, अमेरिकेने १८७३ मध्ये आणि हिंदुस्थानने १८७९ मध्ये आपापली कार्डे आणली. ही सर्व सरकारी, बिनचित्राची कार्डे. खासगी छापखान्याला चित्र छापून ते स्वस्त दरात टपालात टाकण्याची मुभा ब्रिटनमध्ये १८९४ मध्ये मिळाली. अमेरिकेत ती १८९८ च्या कायद्याने आली. तोपर्यंत तिथे सरकारी कार्डाला १ सेंट लागे आणि खासगी कार्डाला २ सेंट. या कायद्यानंतरच्या कार्डांवर ‘प्रायव्हेट मेलिंग कार्ड’ ही अक्षरे आणि कायद्याची तारीख छापलेली असते. ती दिसली की कार्ड बहुधा १८९८ ते १९०१ मधले.

त्या काळात कार्डाच्या पाठीमागे फक्त पत्ता लिहिण्याची परवानगी होती. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेत. म्हणून सुरुवातीच्या हॉटेल-कार्डांवर आकाशात, वाळूवर, कधी थेट इमारतीच्या भिंतीवर बारीक अक्षरात मजकूर कोंबलेला आढळतो. पाठीचे दोन भाग करून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहू देण्याची सुधारणा ब्रिटनने १९०२ मध्ये केली, अमेरिकेने १ मार्च १९०७ पासून. चित्राला आता पूर्ण बाजू मिळाली आणि पोस्टकार्डाचे वेड खऱ्या अर्थाने पसरले. ३० जून १९०८ रोजी संपलेल्या वर्षात अमेरिकी टपालखात्याने सुमारे ६७ कोटी ७८ लाख पोस्टकार्डे वाहिली, तेव्हा देशाची लोकसंख्या ९ कोटींहूनही कमी होती.

या पहिल्या बहरातली उत्तम कार्डे बहुतांशी जर्मनीत छापली जात. शिळाछापाचे आणि कोलोटाइपचे तिथले कसब इतके वरचे होते, की अमेरिकी आणि इंग्रज प्रकाशक छायाचित्रे जर्मनीला पाठवून कार्डे छापून आणत. १९०९ मध्ये अमेरिकेने आयात शुल्क वाढवले आणि १९१४ च्या महायुद्धाने हा व्यापार बंद पाडला. नंतर अमेरिकेत छापलेल्या कार्डांभोवती पांढरी किनार आली. शाईची बचत हे तिचे एक कारण सांगितले जाते. १९१५ ते १९३० ही कार्डे चालली. छपाईच्या दृष्टीने हा उतरता काळ होता आणि संग्राहकही या कार्डांकडे थोडे दुर्लक्षच करतात. ते योग्य नाही. अमेरिकेतल्या किनारी हॉटेलांचे सर्वांत वैभवाचे दिवस नेमके याच वर्षांत येतात.

१९३० नंतर आलेल्या कार्डांना ‘लिनन’ म्हणतात. कागद कापडाचा नसे, पण त्यावर कापडासारखा उभा-आडवा पोत उठवलेला असे आणि त्यात चिंध्यांचा लगदा जास्त असे. या पोतामुळे शाई लवकर वाळे, त्यामुळे भडक, गडद रंग वापरता येत. शिकागोची कर्ट टाइख ही कंपनी या प्रकारात सर्वांत मोठी होती. तिच्या कार्डांवरचा क्रमांक वाचता आला तर वर्ष काढणे सोपे जाते. आधी एक आकडा आणि त्यापुढे ए, बी किंवा सी हे अक्षर असते. ए म्हणजे १९३० चे दशक, बी म्हणजे १९४० चे आणि सी म्हणजे १९५० चे. ५ ए असेल तर १९३५, २ बी असेल तर १९४२. दुसऱ्या महायुद्धानंतर चकचकीत, रंगीत छायाचित्रांवरून छापलेली ‘क्रोम’ कार्डे आली आणि लिनन मागे पडले.

याला समांतर एक वेगळा प्रवाह होता तो खऱ्या छायाचित्रांच्या कार्डांचा. कोडॅकने १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्या मापाचा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. त्याची निगेटिव्ह थेट पोस्टकार्डाच्या छायाचित्र-कागदावर उतरवता येई. गावातला छायाचित्रकार एखाद्या लहान लॉजच्या मालकासाठी अशी पाचपन्नास कार्डे काढून देई. भिंगातून पाहिले तर छापील कार्डावर ठिपक्यांची जाळी दिसते. खऱ्या छायाचित्रात ती नसते, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा सलग उतरत जाते. पाठीमागे तिकिटाच्या चौकोनात कागदाच्या कंपनीचे चिन्हही असते. ‘ॲझो’ या कागदाच्या चिन्हातले चारही त्रिकोण वर टोक केलेले असतील तर तो साधारण १९०४ ते १९१८ मधला आणि दोन वर, दोन खाली असतील तर त्यानंतरचा.

छापील कार्डावरचे चित्र मात्र जसेच्या तसे खरे मानता येत नाही. मूळ छायाचित्र काळे-पांढरे असे आणि रंग छापखान्यात ठरत. तारांचे खांब पुसले जात, शेजारची जुनाट इमारत गायब होई, समोर उभ्या मोटारी नव्या मॉडेलच्या केल्या जात, आकाशात ढग आणि छतावर झेंडे येत. हॉटेलमालक भिंतीचा, छपराचा, पडद्यांचा रंग कळवत आणि छापखान्यातला चित्रकार त्याप्रमाणे रंग भरत असे. रात्रीची दृश्ये तर बहुतेक वेळा दिवसाच्याच छायाचित्रावरून तयार होत. आकाशावर गडद निळी शाई, वर एक पूर्ण चंद्र आणि प्रत्येक खिडकीत पिवळा दिवा. एकाच छायाचित्रावरून केलेली दिवसाची आणि रात्रीची अशी जोडी मिळवणे हा संग्राहकांचा आवडता उद्योग आहे. दोन्ही कार्डांत त्याच ठिकाणी, त्याच पवित्र्यात उभी असलेली माणसे सापडली की छापखान्याची सारी युक्ती उलगडते.

या छंदाचा कस लागतो तो अटलांटिक सिटीत. इथल्या हॉटेलांची जेवढी कार्डे निघाली तेवढी क्वचितच दुसऱ्या किनारी गावाची निघाली असतील. १८७० मध्ये इथे वाळूवर लाकडी फळ्यांचा रस्ता, म्हणजे बोर्डवॉक, टाकला गेला. पाहुण्यांच्या पायांबरोबर हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत वाळू येते, ही तक्रार त्यामागे होती. पुढे या बोर्डवॉकच्या कडेने एकाला लागून एक हॉटेले उभी राहिली. ‘मोनोपोली’ या खेळाच्या मूळ अमेरिकी पटावरचे बोर्डवॉक आणि पार्क प्लेस याच गावातले. ज्या पार्क प्लेसवर खेळातली घरे-हॉटेले चढवली जातात, तिथेच मार्लबरो-ब्लेनहाइम हे हॉटेल होते.

या जोडनावाची कथा कार्डांतून स्पष्ट दिसते. जोसाया व्हाइट यांनी आधी १९०२ मध्ये मार्लबरो हाउस बांधले. १९०६ मध्ये त्याच्याजवळ ब्लेनहाइम उभे राहिले. वास्तुकार विल्यम प्राइस यांनी ते प्रबलित काँक्रीटमध्ये बांधले, तेव्हा हे तंत्र नवे होते. मोठा घुमट, मनोऱ्यांसारखी धुराडी आणि किनाऱ्याकडे झेपावणारी दर्शनी बाजू असे त्याचे रूप. १९०६ पूर्वीच्या कार्डांवर एकटे मार्लबरो दिसते, नंतरच्या कार्डांवर दोघे शेजारी. खोल्यांतल्या स्नानगृहांत गोड्या पाण्याबरोबर समुद्राच्या खाऱ्या पाण्याचाही नळ होता आणि हॉटेल ही सोय मोठ्या अभिमानाने मिरवत असे.

ट्रेमोर या हॉटेलाची कार्डे लावून पाहिली तर एका गावाची चढण समोर येते. १८७९ मध्ये ते एक लहान खानावळवजा निवास म्हणून सुरू झाले. लाकडी इमारत वाढत गेली आणि १९१४-१५ मध्ये प्राइस यांच्याच आराखड्यानुसार तिथे पिवळ्या घुमटांची प्रचंड इमारत झाली. लाकडी ट्रेमोरची कार्डे, काँक्रीटच्या ट्रेमोरची पांढऱ्या किनारीची कार्डे, मग लिनन, मग क्रोम अशी एकाच पत्त्याची सलग रांग जमवता येते. शेवटच्या कार्डांत इमारत तीच आहे, पण समोरची गर्दी विरळ झाली आहे. विमानप्रवास स्वस्त झाला, लोक फ्लोरिडाला आणि कॅरिबियनला जाऊ लागले, आणि अटलांटिक सिटीची मोठी हॉटेले ओस पडली. १९७२ मध्ये ट्रेमोर सुरुंग लावून पाडले. १९७६ मध्ये मतदारांनी गावात जुगारगृहांना परवानगी दिली. २६ मे १९७८ रोजी पहिला कॅसिनो हॅडन हॉल या जुन्या हॉटेलच्या इमारतीत उघडला आणि त्याच सुमारास, १९७८-७९ मध्ये, मार्लबरो-ब्लेनहाइमही कॅसिनोसाठी जमीनदोस्त झाले. अमेरिकी वास्तुकलेतली ती मोठी हानी होती. त्या घुमटाचा मूळ दिमाख सामान्य माणसाच्या हाती आज उरला आहे तो या कार्डांतून.

युद्धकाळातली कार्डे वेगळी काढून ठेवण्यासारखी आहेत. १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने इथली मोठी हॉटेले प्रशिक्षणासाठी ताब्यात घेतली आणि हॅडन हॉलमध्ये लष्करी रुग्णालय सुरू झाले. त्या वर्षी १ एप्रिलपासून सैनिकांना टपाल मोफत झाले होते. त्यामुळे आलिशान हॉटेलचे रंगीत चित्र, पाठीवर तिकिटाच्या जागी हाताने लिहिलेले ‘फ्री’ आणि कवायत, जेवण, घरची आठवण यांचा मजकूर अशी कार्डे मिळतात. चित्र आणि मजकूर यांतले इतके अंतर दुसऱ्या कुठल्या काळच्या कार्डांत दिसत नाही.

इंग्लंडात स्कारबरोचे ग्रँड हॉटेल संग्राहकांना विशेष प्रिय आहे. १८६७ मध्ये उघडलेले हे हॉटेल वर्षाच्या हिशेबावर रचले होते. ऋतूंसाठी चार मनोरे, महिन्यांसाठी १२ मजले, आठवड्यांसाठी ५२ धुराडी आणि दिवसांसाठी ३६५ खोल्या. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी स्कारबरोवर तोफा डागल्या तेव्हा ग्रँडलाही तडाखा बसला. त्या पडझडीची कार्डे लगोलग निघाली आणि विकली गेली. म्हणजे जाहिरातीचे माध्यमच काही दिवस बातमीचे माध्यम झाले. ग्रँड अजून उभे आहे.

फ्लोरिडातील मायामी बीचची कार्डे बहुतांशी लिनन काळातली. १९३० च्या दशकात इथे आर्ट डेको शैलीतली छोटी हॉटेले भराभर झाली आणि लिननचे गुलाबी, फिरोजी, पिवळे रंग त्यांच्या गोलाईला शोभून दिसले. १९७० च्या दशकात ही वस्ती पाडली जाण्याच्या बेतात असताना बार्बरा कॅपिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जतनाची मोहीम उभारली, आणि १९७९ मध्ये हा भाग राष्ट्रीय वारसा यादीत आला. अटलांटिक सिटीच्या नशिबी आले नाही ते मायामी बीचला लाभले. इथल्या कार्डाशेजारी आजचे छायाचित्र ठेवता येते.

मुंबईचे ताजमहाल हॉटेल हवापालटाचे ठिकाण नव्हे, पण समुद्रासमोरच्या हॉटेलांच्या कार्डांत त्याला मानाची जागा आहे. १६ डिसेंबर १९०३ रोजी ते सुरू झाले, म्हणजे पोस्टकार्डांच्या ऐन बहरात, आणि मुंबईच्या तसेच विलायतेच्या प्रकाशकांनी त्याची कार्डे काढली. त्यांचे वय ठरवायला शेजारच्या इमारती उपयोगी पडतात. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला १९१३ मध्ये बसली आणि उद्घाटन १९२४ मध्ये झाले. अपोलो बंदराची बाजू दिसत असून गेटवे नसेल तर चित्र गेटवे बांधण्याआधीचे. ग्रीन्स हॉटेल शेजारी दिसत असेल तर ते १९७३ मध्ये उभ्या राहिलेल्या ताजच्या टॉवरपूर्वीचे. टपालाचा शिक्का नसलेल्या कोऱ्या कार्डाबाबत ही पद्धत सर्वांत भरवशाची ठरते.

शिक्का असला तरी तो कार्ड टाकल्याची तारीख सांगतो, चित्राची नव्हे. हॉटेले जुना साठा वर्षानुवर्षे वापरत. तिकिटाचा दरही मदतीला येतो. अमेरिकेत पोस्टकार्डाला दीर्घकाळ १ सेंट लागे. दोन छोटे अपवाद सोडले तर हा दर १९५१ अखेरपर्यंत टिकला. १९५२ पासून २, १९५८ पासून ३ आणि १९६३ पासून ४ सेंट झाले. झिप कोडही १९६३ चा, म्हणून हॉटेलच्या पत्त्यात तो छापलेला असेल तर कार्ड त्यानंतरचे.

पाठीमागचा मजकूर वाचल्याशिवाय कार्ड पुरते हाती येत नाही. सर्वांत नेहमीची खूण म्हणजे चित्रातल्या एका खिडकीवर शाईने केलेली फुली आणि मागे ‘आमची खोली’ असे दोन शब्द. छापील मजकुरात भाड्याची पद्धत असते. ‘अमेरिकन प्लॅन’ म्हणजे जेवणासह आणि ‘युरोपियन प्लॅन’ म्हणजे फक्त खोली. १९३०-४० च्या काही कार्डांवर पाहुणे निवडक असल्याचे सभ्य शब्दांत छापलेले आढळते. त्याचा अर्थ ज्यूंना प्रवेश नाही, हे त्या काळच्या वाचकाला बरोबर कळे. अटलांटिक सिटीच्या हॉटेलांचे काम मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय नोकरांच्या बळावर चाले. बोर्डवॉकवरच्या चाकाच्या खुर्च्या ढकलताना ते कार्डांत दिसतात, पण पाहुणे म्हणून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी किनाऱ्याचा वेगळा तुकडा राखलेला होता आणि त्याची चित्रे हॉटेलांच्या कार्डांत येत नसत. हे टिपून न ठेवणारा संग्रह अपुराच म्हणावा लागेल.

या कार्डांचे मोल प्रतिष्ठित संग्रहांनी ओळखले आहे. छायाचित्रकार वॉकर एव्हान्स यांनी जमवलेली सुमारे ९,००० पोस्टकार्डे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. उद्योगपती लिओनार्ड लॉडर यांना लहानपणी मायामी बीचच्या हॉटेलांच्या कार्डांनी भुरळ घातली. त्यांचा प्रचंड संग्रह बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाकडे गेला. कर्ट टाइख कंपनीचे दप्तर शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्यात कार्डांबरोबर मूळ छायाचित्रे आणि रंगांच्या सूचनाही असल्यामुळे काय पुसले आणि काय रंगवले हे तपासता येते.

नव्या संग्राहकाने सगळेच जमवू नये. एक गाव, एक हॉटेल किंवा एक छापखाना धरावा. प्रसिद्ध हॉटेलांची कार्डे लाखोंनी छापली गेली, त्यामुळे ती आजही दोन-चार डॉलरांत मिळतात. किंमत चढते ती लहान लॉजच्या खऱ्या छायाचित्र-कार्डांची, आतल्या दालनांच्या आणि स्वयंपाकघराच्या दृश्यांची, आग किंवा वादळानंतरच्या चित्रांची. जुन्या कार्डांच्या नव्या प्रतीही बाजारात फिरतात. जुन्या धर्तीच्या चित्राखाली आजचा चकचकीत, झगझगीत पांढरा कागद असेल तर संशय घ्यावा आणि दहापट भिंगाखाली ठिपके पाहावेत.

कार्ड घेताना आधी कोपरे पाहतात, मग घड्या, मग डाग. टपालातून गेलेले कार्ड त्यामुळे कमी प्रतीचे ठरत नाही. स्पष्ट शिक्का आणि चांगला मजकूर असेल तर ते कोऱ्या कार्डापेक्षा अधिक सांगते. तिकीट काढण्यासाठी कार्ड पाण्यात भिजवणे ही भरून न येणारी हानी आहे. लॅमिनेशन, सेलोटेप आणि डिंक टाळावा. पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत कागदाला चिकटतात, म्हणून पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत आणि कार्डे आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत उभी ठेवावीत. मुंबई-कोकणच्या हवेत पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते. तिथे पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळा सरल्यावर कार्डे एकदा बाहेर काढून, उन्हात न घालता, पंख्याच्या हवेत पाहून घ्यावीत.